हॉल पसंत केलात, बाथरूम बघितलंत का? इंदूरच्या मराठी यजमानांना खुले पत्र

इंदूरमध्ये लग्न, मुंज, साठीशांत किंवा सहस्रचंद्रदर्शनाचा बेत आखणाऱ्या सर्व यजमान मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

कार्य ठरलं की हॉटेल बघायला घरातली चार-पाच माणसं जातात. हॉल किती मोठा ते पाहतात, मेनू चाखतात, पार्किंगची चौकशी करतात, लॉनवर स्टेज कुठे येईल यावरून दोन मतं पडतात. खोलीची वेळ आली की मॅनेजर एक सजवलेली खोली उघडून दाखवतो, आपण दारातूनच 'छान आहे' म्हणतो आणि लिफ्टकडे वळतो. तिथल्या कमोडवर कोणी बसून बघत नाही. पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून येणाऱ्या आजी-आजोबांचे इंदूरमधले दोन-तीन दिवस कसे जाणार, ते मात्र त्या न बघितलेल्या पाच बाय सात फुटांत ठरतं.

हे पत्र हॉटेलवाल्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय, त्याला कारण आहे. एकट्यादुकट्या पाहुण्याने फोन करून 'बाथरूममध्ये धरायला दांडा लावाल का' असं विचारलं तर 'देखते हैं सर' हे उत्तर ठरलेलं. तीस खोल्या आणि चारशे पानं घेऊन येणाऱ्या यजमानाला तेच हॉटेल नाही म्हणत नाही. ही ताकद ॲडव्हान्स देईपर्यंतच हातात असते. पावती फाटली की तुम्हीही 'देखते हैं'च्या रांगेत.

तेव्हा हॉटेल बघायला जाताना खिशात मोजपट्टी असू द्या, आणि त्याआधी पाहुण्यांची माहिती काढा. 'आमच्याकडे सात-आठ सीनियर सिटिझन आहेत' एवढ्यावर कुठलंच हॉटेल काही करू शकत नाही. काठीवाल्या माणसाची अडचण वेगळी, वॉकरवाल्याची वेगळी. पक्षाघातानंतर एकच बाजू चालणाऱ्याची आणखी वेगळी. आमंत्रणाचा फोन कराल तेव्हाच विचारून घ्या: घरात कशाच्या आधाराने चालता, सलग किती पायऱ्या चढता येतात, घरातल्या कमोडला काही जोड लावली आहे का, कोणत्या हाताला जोर आहे, रात्री किती वेळा उठावं लागतं, आणि सोबत कोण आहे. विचारताना संकोच वाटतो, हे खरं. पण 'तुम्हाला काही त्रास नाही ना?' असं विचारलंत तर मराठी म्हातारी माणसं हमखास 'छे छे, आमचं काही नाही, कुठेही झोपू' म्हणतात. म्हणून त्यांना विचारू नका, त्यांच्या सुनेला किंवा मुलीला विचारा.

आता मापं. पलंगावर बसल्यावर पाऊल पूर्ण जमिनीला टेकलं पाहिजे, आणि उठताना गुडघा खुब्यापेक्षा वर असता कामा नये. माणसाला नेहमीची चप्पल घालून खुर्चीत बसवायचं आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप धरायची. पाच फूट उंचीच्या आजींचं हे माप साधारण १५-१६ इंच येतं. त्यात दोन इंच मिळवा. मांड्यांत जोर कमी असेल किंवा खुबा बदललेला असेल तर तीन. म्हणजे बहुतेकांना १७ ते १९ इंचांची बैठक लागते. नव्या हॉटेलांत खाली बॉक्स, वर दहा इंचांची गादी, त्यावर आणखी एक मऊ थर, असं करत पलंग २४-२६ इंचांवर जातो. आजी कडेला टेकतात, पाय लोंबकळत राहतात आणि रात्री उतरताना घसरतच खाली येतात. उलट हल्ली फॅशनमध्ये असलेले बसके पलंग १३-१४ इंचांचे. त्यावर बसता येतं, पण एकट्याने उठता येत नाही. मोजताना एकाला पलंगाच्या कडेवर बसवा आणि मग मोजा, कारण गादी दोनेक इंच दबते आणि रिकाम्या पलंगाचं माप फसवतं.

पलंग उंच असेल तर वरचा मऊ थर काढून टाकायला सांगा, किंवा जाड गादीच्या जागी पाच इंचांची घट्ट गादी मागा. एक्स्ट्रा बेडसाठी अशा गाद्या हॉटेलांच्या स्टोअरमध्ये असतात. पायरी म्हणून छोटं स्टूल ठेवायची कल्पना कोणी सुचवली तर साफ नाही म्हणा. चढताना ते दिसतं, पण रात्री उतरताना पाय त्याच्या कडेवर पडतो आणि स्टूल उलटतं. पलंग बुटका आणि चार पायांचा असेल तर पायाखाली खोबण असलेले लाकडी किंवा प्लॅस्टिकचे ठोकळे घालता येतात. विटा नकोत, सरकतात. पलंगाला चाकं असतील तर तो एका बाजूने भिंतीला टेकवून घ्या, नाहीतर उठताना हात टेकताच पलंगच मागे जातो.

बाथरूममध्ये सगळ्यात आधी दार. घडीच्या साध्या व्हीलचेअरची बाहेरून रुंदी २४ ते २६ इंच असते. दाराची पट्टी ३० इंचांची दिसली तरी उघडल्यावर तिची जाडी आणि बिजागऱ्या वाटेत येतात, म्हणून टेप चौकटीला न लावता दार उघडून मधल्या मोकळ्या जागेला लावा. २८ इंच मोकळे मिळाले तर चाकखुर्ची सरळ आत जाते. चाकाला हाताने ढकलणाऱ्याची बोटं सोलवटू नयेत म्हणून ३२ असले तर उत्तम. बऱ्याच हॉटेलांत ही जागा २४-२५ इंचच असते. तिथे वॉकरसुद्धा आडवा करून न्यावा लागतो आणि वॉकर आडवा केला की आधार गेला. दार आत उघडत असेल तर दुसरा धोका. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि बाहेरून ढकलता येत नाही. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असेल तर ती खोली आधी पकडा. नसेल तर निदान आतली वरची कडी काढायला लावा आणि बाहेरून नाण्याने उघडता येणारं लॉक आहे का पाहा. आजींना सांगून ठेवायचं की दार लोटून घ्यायचं, कडी लावायची नाही. बाहेर नातसुनेला बसवलं की त्यांचाही संकोच जातो.

मग कमोड. भिंतीतून बाहेर आलेले, खाली मोकळे असणारे कमोड आता सगळीकडे आहेत. पुसायला सोपे म्हणून हॉटेलांना आवडतात. त्यांची उंची प्लंबर ठरवतो आणि ती बहुधा १५-१६ इंचांवर येते. हवी १८-१९. पॉटवर बसवायची चार किंवा सहा इंचांची प्लॅस्टिकची जोड मिळते, पण ती गोल-लंबगोल पॉटवरच घट्ट बसते. चौकोनी किंवा इंग्रजी डीच्या आकाराच्या पॉटवर तिचे चाप धरत नाहीत आणि बाजूला झुकलं की ती सरकते. त्यापेक्षा कमोड चेअर बरी. चार पायांची, हात असलेली, मधलं भांडं काढून पॉटवरच उभी करायची. पायांना एकेक इंचावर भोकं असतात. चारही पाय एकाच उंचीच्या भोकात आहेत ना आणि चारही रबरी टोप्या शाबूत आहेत ना, एवढं बघितलं की तीन प्रश्न एकदम सुटतात: उंची मिळते, दोन्ही हातांना आधार मिळतो आणि भिंतीला भोक पाडावं लागत नाही. दवा बाजारातल्या सर्जिकल दुकानांत अशा खुर्च्या मिळतात. भाड्याने मिळाली तर भाड्याने घ्या, नाहीतर चार खोल्यांपुरत्या विकत घ्या आणि नंतर मंडळाला देऊन टाका. लग्नाच्या खर्चात ही रक्कम फुलांच्या एका कमानीएवढीही भरत नाही.

कमोडवर बसून आणखी दोन गोष्टी बघा. जेट (धुवायचा पाण्याचा फवारा) कुठे आहे? पाठीमागे उजव्या खांद्याच्या रेषेत असेल तर खांदा आखडलेल्या माणसाचा हात तिथे पोहोचत नाही. आणि त्याची नळी ठिबकते का? ठिबकत असेल तर जमीन रात्रभर ओली. रात्री दोनला अनवाणी उठलेल्या माणसाचा पाय नेमका तिथेच पडतो.

धरायच्या दांड्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे फसगत सर्वांत जास्त होते. बाथरूममध्ये दिसणारा प्रत्येक दांडा धरायचा नसतो. टॉवेलचा दांडा दोन लहान स्क्रूंवर असतो आणि तो टॉवेलच पेलतो. तोल गेलेला माणूस जवळचं काहीही धरतो, आणि टॉवेल रॉड नेमका हाताच्या उंचीवर असतो. तो उपटून आला की पडणारा माणूस अधिक जोरात पडतो. रबरी चकत्यांनी चिकटणारे दांडेही आम्ही सुचवत नाही. दोन टाइल्सच्या मधल्या सांध्यातून चकतीत हवा शिरते आणि सकाळी पक्का वाटलेला दांडा संध्याकाळी हातात येतो.

खरा दांडा स्टेनलेस स्टीलचा, सव्वा ते दीड इंच व्यासाचा, दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रू असलेला. भिंत आणि दांडा यांत दीड इंच अंतर हवं. कमी असेल तर बोटं मावत नाहीत, जास्त असेल तर हात घसरून कोपरापर्यंत आत अडकतो. कमोडच्या बाजूच्या भिंतीवर तो आडवा लावायचा, बैठकीच्या वर दहा इंच, म्हणजे जमिनीपासून साधारण २८. लांबी दोन फूट, आणि पुढचं टोक पॉटच्या पुढच्या कडेच्याही आठ-दहा इंच पुढे. पाठीशी असलेला दांडा उठताना काही कामाचा नाही, कारण उठणारा माणूस पुढे झुकतो. इंग्रजी एलच्या आकाराचा असेल तर उत्तम. आडव्या भागावर दाब देऊन उठायचं, उभा भाग धरून स्थिर व्हायचं.

भिंत कशाची आहे हे सुताराने किंवा प्लंबरने ठोकून बघितलंच पाहिजे. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर फास्टनर (आवळल्यावर भोकात फुगून बसणारे बोल्ट) धरतात. हलक्या पांढऱ्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग गोल फिरत राहतो, तिथे लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून बसवायचा बोल्ट) लागतो. प्लाय किंवा जिप्समच्या पार्टिशनवर दांडा लावूच नये. टाइलवर नाणं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर मागे मसाला नाही आणि स्क्रू आवळताच टाइल तडकते. शॉवरच्या नळाच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडायचं नाही, गरम-थंड पाण्याचे पाइप तिथूनच गेलेले असतात. लावून झाल्यावर ७०-८० किलोच्या धडधाकट माणसाने दांडा धरून, एक पाय उचलून त्यावर भार टाकावा. जराही हलला तर तो काढायला लावा. सैल दांडा असण्यापेक्षा नसलेला बरा, कारण तो नाही हे निदान दिसतं.

आता एक गंमत, जी हॉटेल चालवणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. शेजारशेजारच्या दोन खोल्यांची बाथरूम एकाच पाइपच्या डक्टला लागून असतात, म्हणून त्यांचे नकाशे आरशातल्यासारखे उलटे असतात. एका खोलीत कमोडवर बसलं की भिंत उजव्या हाताला, शेजारच्या खोलीत डाव्या. पक्षाघाताने डावा हात निकामी झालेल्या काकांना उजवीकडे भिंत असलेली खोली हवी. तुम्ही मॅनेजरला एवढंच विचारा की २०३ मध्ये भिंत कोणत्या बाजूला आणि २०४ मध्ये कोणत्या. काही खर्च न करता निम्मं काम होतं. खोल्यांची यादी करताना बहुतेक यजमान नात्याप्रमाणे खोल्या वाटतात. आजारी माणसांपुरती ती भिंतीप्रमाणे वाटा. मामंजींना कोपऱ्यातली मोठी खोली मिळाली नाही म्हणून रुसवा झालाच तर तो निस्तरता येतो, मोडलेला खुबा नाही.

आंघोळीची जागा. काचेच्या पार्टिशनमागे दोन-तीन इंचांचा उंबरा असतो, तो किती ते मोजा. दोन इंचांचा उंबरा काठीवाल्याला दिसला तर पार होतो, पण त्याचा रंग फरशीसारखाच असेल तर दिसत नाही. त्यावर पिवळी किंवा लाल चिकटपट्टी लावायला सांगा. फरशी गुळगुळीत असेल तर रबरी मॅट लागते. पण मॅटच्या खालच्या चकत्या गुळगुळीत टाइलवरच चिकटतात, खरबरीत टाइलवर तीच मॅट सरकते. म्हणजे फरशी खरबरीत असेल तिथे मॅट घालूच नका, फक्त साबणाचा थर घासून काढायला लावा. बसायला अॅल्युमिनियमचं, रबरी पायांचं, १७-१८ इंच उंचीचं स्टूल हवं. हॉटेलवाले तत्परतेने लॉनवरची प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवतात. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात, म्हणून ती परत पाठवा. हँड शॉवर असेल तर छानच, पण आपल्या बहुतेक आजी-आजोबांना बादली आणि तांब्याच लागतो. बादली जमिनीवर असली की प्रत्येक तांब्याला वाकावं लागतं आणि चक्कर तिथेच येते. बादली फूटभर उंच पाटावर ठेवा.

गरम पाण्याचं गणित लग्नघरात हमखास चुकतं. खोलीतला गिझर १५ लिटरचा असेल आणि पाणी ६० अंशांवर असेल, तर थंडीतल्या गार पाण्यात मिसळून आंघोळीजोगं पाणी २५-२७ लिटर होतं, म्हणजे जेमतेम दीड बादली. पुन्हा तेवढं तापायला २००० वॉटच्या गिझरला पंचवीस मिनिटं लागतात. एका खोलीत दोघं असतील तर दोघांच्या आंघोळीत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा आणि सकाळचा मुहूर्त असेल तर त्याप्रमाणे उठवा. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांना पाणी किती कढत आहे ते कळत नाही, म्हणून पाणी सोबतच्या माणसाने कोपराने बघायचं. सेंट्रल बॉयलर असेल तर तो पहाटे किती वाजता सुरू होतो ते विचारा. डिसेंबर-जानेवारीत इंदूरचा पारा दहाच्या खाली जातो आणि मराठी लग्नाची लगबग पहाटेच सुरू होते.

खोलीतल्या विजेचं एक लक्षात ठेवा. दाराशी कार्ड खोचल्यावर वीज सुरू होणाऱ्या खोल्यांत, कार्ड काढलं की पुष्कळदा फ्रिजही बंद पडतो. इन्सुलिन त्यातच असतं. मॅनेजरला सांगितलं तर तो एक जादा कार्ड देतो, ते तिथेच खोचून ठेवायचं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, आणि छोट्या फ्रिजमध्ये मागच्या गार पत्र्याला टेकलं तर गोठतं. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. म्हणून दाराच्या कप्प्यात ठेवा. कोणाकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा झोपेतल्या श्वासाचं यंत्र असेल तर पलंगाजवळ सॉकेट आहे का आणि जनरेटरवर तो सॉकेट चालतो का, दोन्ही विचारा. नुसतं 'पॉवर बॅकअप आहे' म्हणजे कधीकधी एक दिवा आणि पंखा एवढंच असतं. रात्रीसाठी बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार चार बोटं उघडं ठेवलं की वेगळा नाइट लॅम्प लागत नाही. पलंगाशेजारची छोटी सतरंजी मात्र गुंडाळून कपाटात टाका.

बाहेर या. 'रॅम्प आहे' असं हॉटेलवाला म्हणाला की स्वतः चालून बघा. पुष्कळदा तो तळघरातल्या पार्किंगचा उतार असतो, गाड्यांसाठी केलेला. माणसांच्या रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नको. केंद्र सरकारच्या सर्वसमावेशक सुगम्यतेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच प्रमाण आहे. हिशेब सोपा आहे. सात-सात इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे २१ इंच उंची, म्हणजे २१ फूट लांब रॅम्प. तुम्हाला सहा फुटांचा लोखंडी पत्रा टाकलेला दिसला तर तो सुटकेस ओढण्यासाठी आहे. त्यावरून व्हीलचेअर चढवायला दोघं लागतात आणि उतरवताना तिघं. उतरवताना खुर्ची नेहमी उलटी, माणसाची पाठ उताराकडे. सरळ उतरवली तर बसलेला माणूस पुढे घरंगळतो.

लिफ्ट नेमकी कुठून सुरू होते तेही बघा. रिसेप्शनपासून लिफ्टपर्यंत चार पायऱ्या असणारी हॉटेलं आहेत. रूफटॉपवर नाश्ता असतो आणि लिफ्ट त्याच्या खालच्या मजल्यापर्यंतच जाते, हेही नेहमीचं. दाराची मोकळी रुंदी ३२ इंच असेल तर व्हीलचेअर आरामात, २८ असेल तर कशीबशी. खुर्ची लिफ्टमध्ये मागच्या चाकांकडून न्यायची. पुढची छोटी चाकं फटीत अडकतात. दार फार लवकर मिटत असेल तर लिफ्टच्या माणसाकडून उघडं राहण्याचा वेळ वाढवून घेता येतो, पाच मिनिटांचं काम आहे. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन उघडते की मध्येच थांबते? उत्तर गोलमोल आलं तर मेन स्विच बंद करून दाखवायला सांगा. मजला पहिला किंवा दुसराच मागा, म्हणजे लिफ्ट बंद पडली तरी माणसं उचलून आणता येतात. खोली लिफ्टला अगदी चिकटून नको, रात्रभर घंटी वाजते. एक खोली सोडून पुढची. आणि बँक्वेट हॉलच्या वरची तर मुळीच नको. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना डीजेचा दणका आपल्यापेक्षा जास्त सोसावा लागतो.

तारांकित हॉटेल असेल तर तिथे दिव्यांगांसाठी एक तरी खोली असते. रुंद दार, दांडे, उंबरा नसलेली मोरी, सगळं तयार. ती पहिल्यांदा मागा आणि बुकिंगच्या मेलमध्ये खोलीच्या नंबरासह लिहून घ्या. ती रोज लागत नाही म्हणून कोणालाही दिली जाते, किंवा तिथे जादा गाद्या रचलेल्या असतात. एकच असते, त्यामुळे बाकीच्या वयस्कांची सोय वर सांगितली तशी करावीच लागणार.

शहराच्या कोणत्या भागात राहायचं? राजवाडा-सराफ्याजवळचं हॉटेल बाहेरगावच्या तरुणांना आवडतं, पण तिथे दारापर्यंत गाडी येऊन दोन मिनिटं थांबू शकते का, हे संध्याकाळी सातला जाऊन बघा. सकाळी अकराचं दृश्य खोटं असतं. रंगपंचमीच्या सुमारास कार्य असेल तर त्या भागाचा विचारच नको, गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी तिथे रुग्णवाहिकेलाही वाट मिळायची मारामार. कार्य झाल्यावर मंडळी उज्जैनला जाणार असतील (ती जाणारच) तर विजयनगर किंवा सुपर कॉरिडॉरच्या बाजूचं हॉटेल सोयीचं; उज्जैन इथून ५५ किलोमीटर. ओंकारेश्वर दक्षिणेला, साधारण ८० किलोमीटर, त्यासाठी भंवरकुवाँच्या बाजूने निघणं बरं. ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांच्यासाठी ओंकारेश्वराचा हट्ट धरू नका. पहाटे चारच्या भस्म आरतीचा मोह ज्यांना आहे त्यांनी आदल्या रात्री उज्जैनलाच मुक्काम करावा.

मुंबईहून रात्री निघणारी अवंतिका एक्सप्रेस सकाळी इंदूरला पोहोचते आणि हॉटेलच्या खोल्या दुपारी बारा-दोनला मिळतात. रात्रभर प्रवास केलेल्या माणसांना लॉबीतल्या खोल सोफ्यात चार तास बसवणं म्हणजे आल्याआल्या आजारी पाडणं. दोन खोल्या आदल्या रात्रीपासून घ्या. सगळे वयस्क तिथे हातपाय धुऊन पडतील. आधारकार्डांच्या प्रती आधीच पाठवल्या की काउंटरपाशी उभं राहायला नको. स्टेशनवर न्यायला फार उंच एसयूव्ही पाठवू नका. गाडीची सीट माणसाच्या खुब्याच्या उंचीला हवी. आधी पाठ वळवून बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. पोर्चमध्ये ड्रायव्हर कौतुकाने गाडी पायरीला अगदी चिकटवतो. त्याला सांगा, तीन फूट लांब थांब, म्हणजे दोन्ही पावलं सपाट जमिनीवर पडतील.

जेवणाचं थोडक्यात. पोहे-जिलबी सगळ्यांना ठाऊक आहे. रोज संध्याकाळी साडेसातला मऊ भात, मुगाचं वरण आणि ताक खोलीत पोहोचेल असं किचनशी ठरवा. लग्नातलं जेवण दहाला सुरू होतं आणि गोळ्या आठच्या असतात.

मॅरेज गार्डनमध्ये कार्यक्रम असेल तर तंबूवाल्याला एक सूचना. हिरवळीवर नुसता गालिचा टाकला की काठी रुतते आणि वॉकरची चाकं थांबतात. गेटपासून पहिल्या रांगेपर्यंत चार फूट रुंद प्लायवूडची पट्टी टाकून त्यावर गालिचा घालायचा. विजेच्या वायरी त्या पट्टीवरून आडव्या जाऊ द्यायच्या नाहीत. पहिल्या रांगेत निदान आठ खुर्च्या हाताच्या ठेवा आणि त्यांना साटीनचे कव्हर घालू नका, त्यावरून माणूस घसरतो.

कर्मचाऱ्यांचं मन मोठं असतं, इंदूरमध्ये तर विशेषच. 'माताजी, आइये' म्हणत दोघंजण दोन दंड धरतात आणि वर ओढतात. याने खांदा निखळतो. त्यांना एवढं सांगा: माणसाला ओढायचं नाही, आपला हात पुढे करायचा आणि त्याला धरू द्यायचं. व्हीलचेअरमधून उठवण्याआधी ब्रेक लावायचे आणि पायाच्या पट्ट्या वर दुमडायच्या. हॉटेलची व्हीलचेअर असेल तर ती स्टोअरमधून बाहेर काढून चाकांतली हवा आणि दोन्ही ब्रेक बुकिंगच्या दिवशीच तपासा.

हे सगळं तोंडी ठरवू नका. खोल्यांचे नंबर, गादीची उंची, दांडे किती आणि कुठे, कमोड चेअर कोण आणणार, पहाटेच्या पाण्याची वेळ, जादा कार्डं, एवढं बुकिंगच्या मेलमध्ये लिहा आणि मॅनेजरचं 'कन्फर्म' असं उत्तर आलं की मगच ॲडव्हान्स द्या. मुहूर्ताच्या तीन दिवस आधी घरातल्या एकाने पुन्हा मोजपट्टी घेऊन जाऊन यावं, कारण मेल लिहिणारा मॅनेजर आणि त्या आठवड्यात ड्युटीवर असणारा मॅनेजर एक नसतात. त्याच फेरीत रात्रपाळीच्या माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक वयस्काच्या पलंगाशेजारी चिकटवा. तरुण मंडळी सराफ्यात रबडी खात असतील तेव्हा हॉटेलवर कोणी एक जबाबदार माणूस थांबणार आहे, ते कोण, हेही त्याच कागदावर लिहा.

आपले,
ज्येष्ठांची शुश्रूषा, फिजिओथेरपी आणि प्रवासाची व्यवस्था बघणारे काही इंदूरकर